नानांनी बुजवलेली खांड

हिराजी नानांना कुठेही फट दिसली, की ती बुजवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. फट कसली आहे, कोणाची आहे, मुद्दाम ठेवलेली आहे का, असल्या चौकशीत ते पडत नाहीत. लग्नाच्या हॉलमध्ये दोन पाहुण्यांच्या मध्ये एक खुर्ची रिकामी दिसली, तर नाना अख्खी रांग उठवून सरकवतात. बसस्टॉपवर एखाद्या अनोळखी बाईच्या पर्सची चेन उघडी असली, तर लांबून ओरडतात, "ओ ताई, लाव ती. पानी बघतंय!" ती बिचारी वर आभाळाकडे बघते. आभाळ कोरडं ठणठणीत असतं.

"पानी बघतंय" हे नानांचं पेटंट वाक्य. त्यांच्या मते पाणी हा जगातला सर्वांत चलाख प्राणी आहे. तो दिवसरात्र बघत असतो, की माणसाचं लक्ष कधी उडतंय आणि आपण कधी आत घुसतोय.

मी मूळचा साताऱ्याकडचा. आमच्याकडे पाणी कोणाकडे बघत नाही, माणसंच पाण्याची वाट बघतात. त्यामुळे सुरुवातीला मला हे प्रकरण झेपलं नाही. शिरवण्यात खोली बघायला गेलो, तेव्हा नाना ओटीवर बसून स्टीलच्या डब्याचं झाकण घट्ट बसतंय का ते तपासत होते. माझं नाव, गाव, पगार यातलं काहीही न विचारता त्यांनी एकच प्रश्न टाकला.

"कंपनीत काय बनवतस?"

"रबरी वायसर, ऑइल सील. मशिनीतून तेल गळू नये म्हणून बसवतात ते."

नानांनी डबा खाली ठेवला. "म्हंजे फटी बुजवतस?"

"तसंच म्हणा."

"मंग खोली तुजी."

माझ्याआधी बँकेतला एक माणूस ताटकळत बसला होता. त्याला चहा पाजून परत पाठवला. तेव्हापासून गेली नऊ वर्षं मी नानांचा भाडेकरू आहे, आणि शिरवण्यात मी रबरी वायसर बनवतो याचा अभिमान माझ्यापेक्षा त्यांना जास्त आहे. कोणी भेटलं की माझी ओळख करून देतात, "हा सातारकर. याचा धंदा चांगला हाय."

इमारत त्यांच्या मुलानं, प्रमोदनं, जुन्या घराच्या जागेवर बांधली. चार मजले, खाली गाळे. इमारतीच्या मागे एक संरक्षक भिंत आहे आणि मागचं पाणी झिरपून बाहेर पडावं म्हणून तिच्यात ओळीनं पाईपची भोकं ठेवली होती. ठेवली होती, असं मी म्हणतो, कारण एका उन्हाळ्यात नानांनी ती सगळी चिखलानं लिंपून टाकली. श्रावणापर्यंत ती भिंत लग्नातलं जेवून उठलेल्या माणसासारखी पोट पुढे काढून उभी राहिली. इंजिनियर आला, त्यानं डोक्याला हात लावला. प्रमोद म्हणाला, "बाबा, ती भोकं पाणी बाहेर जायला असतात!"

नाना शांतपणे म्हणाले, "ज्या वाटंनं जातंय, त्याच वाटंनं येतंय."

अशा माणसाला मी गोल बांध दाखवायला नको होता. पण दाखवला, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

आमची कंपनी पावण्यात, औद्योगिक वसाहतीच्या अगदी मागच्या अंगाला. आमच्या शेडचं मागचं दार उघडलं की डोंगराचा पायथा लागतो, आणि तिथे गवतात मातीचा एक गोल बांध आहे. कमरेएवढा उंच, दोन कबड्डीची मैदानं आत मावतील एवढा घेर. शेजारी निळा सरकारी फलक. त्यावर लिहिलंय, की हे संरक्षित स्मारक असून माणूस लिहायला-वाचायला शिकला त्याच्या कितीतरी आधीच्या काळातलं आहे, आणि याची नासधूस करणाऱ्यास... त्यापुढचा भाग गंजून गळून पडलाय. त्यामुळे नासधूस करणाऱ्यास नेमकं काय होतं हे आमच्या वसाहतीत कोणालाच ठाऊक नाही. आमचे कामगार दुपारी त्या बांधाला टेकून डबा खातात. एवढाच त्याचा आमच्याशी संबंध.

एकदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी डबा घरी विसरलो. बायकोनं नानांना सांगितलं, आणि नाना तो घेऊन कंपनीत हजर झाले. मी त्यांना मागच्या दारानं बाहेर नेलं आणि त्यांची नजर बांधावर पडली. डबा त्यांनी माझ्याकडे न देता जमिनीवर ठेवला.

"हा बांध कोनाचा?"

मी फलक वाचून दाखवला. तो त्यांनी ऐकलाच नाही. बांधाला पूर्ण फेरी मारली, जागोजागी तळहातानं थापटून बघितलं, मातीची चिमूट नाकाशी धरली. बाहेरून उतार, आतून उभा, माथा रुंद. प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होते. "मानूस जानकार होता," असा त्यांनी त्या हजारो वर्षांपूर्वीच्या बांधकऱ्याला शेरा दिला. मग पूर्वेच्या बाजूला आले आणि थबकले. तिथे बांध तुटलेला होता. दोन माणसं खांद्याला खांदा लावून जातील एवढी जागा मोकळी.

"खांड परली हाय," नाना म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना पहिल्यांदाच बोलताना ऐकलं.

खाडीकाठच्या गावांत बांध फुटून पडलेल्या भगदाडाला खांड म्हणतात. नानांच्या तरुणपणी शिरवण्याची भातशेती खाडीला लागून होती आणि मध्ये फक्त मातीचा बांध. एका बाजूला गोडं भात, दुसऱ्या बाजूला खारं पाणी. मी नानांची समजूत घातली, की इथे जवळपास खाडी नाही, आत भात नाही, आणि खांड पडून दोन-चार हजार वर्षं तरी झाली असतील.

"म्हंजे एवढी वर्सं कोनी बुजवली नाय?" नानांना माणसांची लाजच वाटली.

त्या उन्हाळ्यात नाना दर एक-दोन दिवसांनी सकाळी गायब व्हायला लागले. प्रमोदला वाटलं, देवळात जातात. मला मात्र आमचा वॉचमन सांगायचा, "सर, ते नाना आले होते. रिक्षात गोण्या होत्या." मी कानाडोळा केला. खोटं कशाला बोलू, मला वाटलं म्हातारा रमतोय तर रमू दे. मे महिना संपता संपता मी मागचं दार उघडलं, तर खांड गायब. बांध सलग, माथा एकसारखा, वर गवताचे चौकोनी तुकडेसुद्धा लावलेले. कुठे जुनं संपतं आणि कुठे नवं सुरू होतं, ते मला सांगता आलं नसतं.

पण इनामदार मॅडमना सांगता आलं. स्मारकाला कुंपण घालायचं ठरलं, म्हणून पुरातत्त्व खात्यातर्फे त्या पाहणीला आल्या. वय पस्तिशीचं, टोपी, हातात नकाशा. नकाशात फट होती, जमिनीवर नव्हती. त्यांनी तिथली माती छोट्या खुरपीनं खरवडली, चिमटीत घेतली आणि एकदम उभ्याच राहिल्या. काळा चिकट गाळ, त्यात शिंपल्यांच्या कपच्या. डोंगराच्या पायथ्याला! त्यांनी लगेच फोन लावला. "सर, खाडीचा गाळ आहे. नाही सर, नक्की. म्हणजे समुद्र इथपर्यंत असणार, सर. आपल्याला सगळाच विचार नव्यानं करावा लागेल."

मी तिथेच उभा होतो. त्यांचा फुललेला चेहरा बघून मला बोलवेना. मी घरी फोन केला आणि तासाभरात नाना स्वतःच रिक्षातून उतरले. मॅडम त्यांना जुने जाणते समजून विचारू लागल्या, "बाबा, हा खाडीचा गाळ इथे कसा आला असेल? तुमच्या वाडवडिलांकडून काही ऐकलंय?"

"वारवरील कशाला? मीच आनला," नाना म्हणाले. "रिक्षानं. डोंगराची माती भुसभुशीत, पानी धरत नाय. खांडीला खाडीचाच चिखल लागतो."

समुद्र जागच्या जागी परत गेला. मॅडमनी टोपी काढली, घाम पुसला आणि पुन्हा फोन लावला. तो फोन पहिल्यापेक्षा बराच छोटा होता.

मग त्या आमच्या शेडमध्ये येऊन बसल्या आणि त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं. संरक्षित स्मारकावर मूठभर माती टाकणं हासुद्धा गुन्हा आहे. पण वयाकडे बघून त्या एक वाट काढतील. टाकलेली सगळी माती हातानं, थराथरानं, त्यांच्या देखरेखीखाली काढायची. ते झालं तर तक्रार नाही. नाही झालं तर नाइलाज आहे.

प्रमोदला बोलावलं. तो भला माणूस आहे, फक्त घाईचा. "मॅडम, टेन्शन घेऊ नका. जेसीबी लावतो. दोन तासांत काम खल्लास."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. पण त्यांच्याआधी नानाच उठले. "बांधाला कोनी हात लावायचा नाय. मना तुरुंगात टाका. मी खांड उघडी करनार नाय." आणि चालायला लागले.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर गेलो. नाना पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते. मी म्हटलं, "नाना, त्या बाईंचं काय चुकलं? आणि तुमचं तरी काय अडलंय त्या बांधावाचून?"

त्यावर ते जे बोलले ते मला जमेल तसं सांगतो.

पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी गावातून घरटी एक माणूस बांधावर जायचा. बेचाळीस घरं, बेचाळीस माणसं. खाडीच्या तोंडापासून घरांच्या क्रमानं उभं राहायचं, आणि पुढारी एकेका घराचं नाव पुकारायचा. ज्याचं नाव येईल त्यानं चिखलाचा गोळा आपल्या वाट्याच्या बांधावर थापायचा. कारण सांगून सुटका नसायची. नानांचं, म्हणजे मढवींचं घर पहिलं, अगदी तोंडाशी. त्या वर्षी नानांचे वडील तापानं पडले होते आणि जायचं होतं वीस वर्षांच्या हिराजीनं. हिराजी गेला दुसऱ्या गावी कबड्डी खेळायला. त्याला वाटलं, पहिल्या सामन्यानंतर परत येऊ. पण चढाया चांगल्या पडत गेल्या.

"कप जिंकून आलो तवा शेतात मासे फिरत होते," नाना म्हणाले. "आमच्याच वाट्यातून फुटला."

"मग? गावानं काय केलं?"

"कोनी काय बोललं नाय. मना मारलं असतं तर बरं झालं असतं." त्यांनी टाकीवर हात थापटला. "खारं पानी घुसलं का तीन वर्सं भात नाय. आनि तेवढ्यात मोजनीवाले आले, शहर बसवायला. शेत पांढरं फटक परलं होतं. लोकांनी सह्या केल्या."

मी म्हटलं, "नाना, जमीन तर सगळ्याच गावांची गेली. भात उभं असतं तरी गेली असती."

"ते मना म्हाईत हाय. मी काय येडा नाय." मग म्हणाले, "पन भात उभा असता तर लोक रडले असते रे. आमच्या गावात कोनी रडलंच नाय. ती जमीन बिनरडन्याची गेली. माज्यामुले."

नऊ वर्षं मी या माणसाची नक्कल करून मित्रांना हसवत होतो, त्याची मला तेव्हा शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांना फक्त बघायला चला, म्हणून पावण्याला नेलं. मॅडमनी भरावाच्या एका कडेची माती थोडी मोकळी केली होती. त्या म्हणाल्या, "बाबा, मला वाटतं ही फूट नाही. हे दार असावं. इथून माणसं, गुरं आत-बाहेर करत असतील. तुम्हीच बघा, बांधाचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

हे शेवटचं वाक्य त्यांनी मनापासून म्हटलं की हुशारीनं, मला माहीत नाही. नाना गुडघ्यावर बसले. त्यांनी चिखल बाजूला करून जुन्या बांधाचं टोक उघडं केलं आणि त्यावरून बोटं फिरवली. एकदा, दोनदा. मग दुसऱ्या बाजूचं टोक तपासलं.

"पानी बांध खातं तवा टोक कुरतडलेलं असतं," ते म्हणाले. "हे गोल हाय. थापलंय. ह्या टोकाला थापलंय आनि त्या टोकालाबी." ते माझ्याकडे वळले. "सातारकर, दार हाय रे ह्ये. मी दार बंद केलं लोकांचं."

नाना चुकलो म्हणाल्याचं मी आयुष्यात एकदाच ऐकलं, ते हे. पण तेही त्यांनी असं ठणकावून म्हटलं, की शोध त्यांनीच लावला असं वाटावं. मॅडमनीही तो लावू दिला.

मग काम सुरू झालं. मजूर नको, प्रमोद नको. नाना माती काढणार, मी गोणीत भरणार, मॅडम प्रत्येक गोणीला चिठ्ठी बांधणार. त्यांच्या छापील चिठ्ठीत एक रकाना होता, भर टाकणाऱ्याचं नाव. त्या लिहिणार, एवढ्यात नाना म्हणाले, "पदाजी भोईर."

"पदाजी भोईर कोण?"

"ही गोनी त्यांच्या घरची."

दुसरी गोणी बामा पाटलाच्या घरची निघाली, तिसरी चांगा म्हात्र्याच्या. नाना वरून एकेक थर उचलत होते आणि नाव सांगत होते. खांड बुजवताना त्यांनी एकट्यानंच गावातल्या एकेका घराच्या नावानं गोळा थापला होता, आणि कोणाचा कुठे, ते त्यांच्या हाताला पाठ होतं. दहाव्या नावाला मॅडमनी पेन थांबवलं. "बाबा, एवढे लोक यात सामील होते? मला सगळ्यांचे जबाब घ्यावे लागतील."

"घ्या की," नाना म्हणाले. "पन बरेचसे वारले हायत."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी 'लिहा' अशी मान हलवली. त्या मुकाट्यानं लिहीत गेल्या. जोमा तांडेल. धर्मा म्हात्रे. काशीबाई ठाकूर, तिच्या घरात पुरुष नव्हता म्हणून ती स्वतः यायची. प्रत्येक नावाबरोबर नाना बांधावरचा घराचा नंबर आणि एखादं वाक्य सोडत. हा भांडकुदळ, त्याचा चिखल नेहमी पातळ, ही बाई दोन गोळे टाकायची आणि एकच सांगायची. अख्खं गाव आमच्या शेडच्या मागे येऊन उभं राहिलं. दोन सकाळी गेल्या त्यात. दुसऱ्या दिवशी उन्हं चढली, तेव्हा तळाची, सगळ्यांत आधी टाकलेली गोणी तेवढी राहिली.

ती नानांनी नाव न सांगता स्वतःच भरली. तोंड त्यांनीच बांधलं.

"आणि ही कोणाच्या घरची?" मॅडमनी चिठ्ठी पुढे केली.

"ती अशीच. तिला नाव नाय."

"असं चालत नाही बाबा. रकाना मोकळा ठेवता येत नाही. क्रमानं पहिलं घर कोणाचं?"

"मढवींचं. आमचं." नाना खाली बघत म्हणाले. "नका लिवू, मॅडम. आमच्या घरचा मानूस बांधावर नवता."

इनामदार मॅडमना गच्चीवरचं काही ठाऊक नव्हतं. मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. त्या दोन दिवस उन्हात बसून दमल्या होत्या आणि त्यांना कागद पुरा करायचा होता. त्या थोड्या वैतागूनच म्हणाल्या, "नव्हता म्हणजे? मग दोन दिवस माझ्यासमोर कोण उभं आहे?"

नानांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते थांबवायला त्यांनी काहीही केलं नाही. मलाही रडू फुटलं, ते कशाला लपवू?

थोड्या वेळानं त्यांनी चिखलाचे हात धोतराला पुसले, ताठ उभे राहिले आणि लांबवर ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले, "हिराजी पोशा मढवी. शिरवने."

मॅडमनी लिहिलं आणि चिठ्ठी बांधली. नानांनी गोणीला हात घातला, पण ती त्यांना उचलेना. मी दुसरी बाजू धरली आणि दोघांनी मिळून ती बाहेर आणून बाकीच्या गोण्यांच्या रांगेत पहिल्या जागी ठेवली.